पोरगा झाडावर बसून हरणाच्या शिकारीला जाणार म्हणतोय

यावेळी चारच प्रश्न घेतोय आणि चारही उंचावर चढून बसण्याचे आहेत. जुळे सोलापूरच्या ताईंचं पत्र आधी आलं, मग तसलीच बाकीची तीन शोधून बाजूला काढली. पहिल्याला जागा जास्त दिलीय, त्यांच्याकडं वेळ कमी आहे.

प्रश्न : नमस्कार सर. माझा मुलगा विस्कॉन्सिनला आहे, सॉफ्टवेअरमधे, चार वर्षं झाली, एच-वन-बी विझावर. त्याच्या ऑफिसातल्या मित्राच्या वडिलांचं तिथं रान आहे, ते लोक दर नोव्हेंबरला हरणं मारायला जातात अन् यंदा ह्यालापण बोलावलंय. झाडाला १८ फुटावर खुर्चीसारखं काहीतरी बांधलेलं असतं म्हणे, पहाटे अंधारात चढायचं अन् संध्याकाळपर्यंत गप बसायचं. आमच्या घरात कुणी कधी कोंबडं कापलेलं नाही. मी बंदुकीचं नाव काढलं की म्हणतो आई मी क्लास केलाय, लायसन काढलंय. त्याचे बाबा म्हणतात जाऊ दे, मोठा झालाय. मला रात्रीची झोप नाही. काय करू, आडवू का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आडवायचं का नाही ते तुम्ही घरात ठरवा, शिकार करावी का करू नये हे माझ्याच्यानं एका पत्रात सुटणारं नाही. पण तुमची सगळी भीती बंदुकीवर आहे आणि माझी झाडावर आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बंदुकीचं, कारण तिथं बऱ्यापैकी बंदोबस्त आहे. विस्कॉन्सिनमधे १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय साधारणपणे लायसन मिळत नाही, तुमच्या मुलानं तोच केला असणार. त्यात चार गोष्टी घोकून घेतात : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी कायम सुरक्षित दिशेला, निशाण्याच्या मागं काय आहे ते बघितल्याशिवाय गोळी नाही, आणि मारायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या बाहेर. बंदुकीच्या सीझनला अंगावर भडक नारिंगी घालावं लागतं, कमरेच्या वर निम्मं तरी, २०१६ पासून भडक गुलाबीपण चालतं. हरणाला तो नारिंगी आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. विझ्याचं एक त्याला नक्की विचारा. एच-वन-बीवरच्या माणसाला तिकडच्या केंद्राच्या कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई आहे, पण शिकारीचं चालू लायसन असेल तर त्यातून सूट आहे. म्हणजे लायसनची मुदत संपली आणि हा मित्राची बंदूक हातात घेऊन उभा राहिला तर ते साधं प्रकरण नाही. लायसन खिशात आणि तारीख बघून, एवढं त्याला सांगा.

आता झाड. मी २२ वर्षं साखर कारखान्यात सेफ्टीला होतो, चिमणीवर, बॉयलरच्या वरच्या मजल्यावर, क्रेनच्या गर्डरवर माणसं चढवायची आणि धड खाली आणायची हे माझं काम. मेव्हणा विस्कॉन्सिनलाच असतो, त्याच्याकडं गेलो तेव्हा शेजाऱ्याच्या रानातलं स्टँड, म्हणजे झाडाला बांधलेली ती खुर्ची, बघायला मिळालं, शिडी धरून वरपण गेलो. पायाखाली लोखंडी जाळी, दोन बाय अडीच फुटाची असंल, मागं झाडाचं खोड, आणि सगळा भार दोन पट्ट्यांवर, आपल्याकडं ट्रकवर माल आवळायला वापरतात तसल्याच रॅचेटच्या पट्ट्या. मी एक पट्टी नखानं खरवडली तर पांढरी भुकटी निघाली, उन्हानं धागा मेला होता, आणि खालच्या बाजूला खारीनं कुरतडलेलं. म्हातारा म्हणाला, दहा वर्षं झाली काय होत नाही. कारखान्यात हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय ते मोजायला बोटं पुरायची नाहीत.

१८ फूट म्हणजे साधारण साडेपाच मीटर. तिथनं सुटला तर एका सेकंदात जमिनीवर, आणि टेकताना वेग ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास. हात पुढं करायला वेळ मिळत नाही. पाठीचा कणा, मान, खुबा, जे आधी टेकेल ते. आणि पहाटेच्या अंधारात रानात एकटा पडला तर सापडेपर्यंत वेळ जातो, नोव्हेंबरात तिथं पारा शून्याखाली असतो.

माणूस बसलेला असताना पडण्यापेक्षा चढताना, उतरताना, आणि शिडीवरून जाळीवर पाय टाकताना जास्त पडतो, हे माझ्या कामातपण तसंच होतं. आमच्या वडिलांच्या शेतात, मोहोळच्या बाजूला, चिंचा झोडायला एक गडी यायचा, पंचवीस फुटावर फांदीवर उभा राहून काठी चालवायचा, सकाळभर. त्यादिवशी काम संपवून उतरत होता, शेवटचे सात-आठ फूट राहिलेले, काखेतली काठी निसटली म्हणून ती धरायला हात सोडला. तेवढंच. मी खाली पोतं धरून उभा होतो, आवाज अजून कानात आहे. माणूस वाचला पण परत वाकून काम करता आलं नाही त्याला. वर असताना माणूस घाबरून घट्ट धरतो, खाली आलो म्हणला की हात ढिला पडतो.

म्हणून मुलाला एकच विचारा, की पाय जमिनीवरनं उचलल्यापासनं परत जमिनीवर टेकेपर्यंत तू कशाला बांधलेला असतोस? वर गेल्यावर बेल्ट लावतो असं उत्तर आलं तर ते उत्तर बरोबर नाही, कारण तोपर्यंत निम्मा धोका होऊन गेलेला असतो.

बरोबर उत्तर असं. अंगात पूर्ण हार्नेस पाहिजे, खांद्यावरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांतून पट्टे येणारा. नुसता कमरेचा पट्टा नको, त्यात लटकलं तर तो पोटात घुसतो नाहीतर वर छातीवर सरकतो अन् श्वास कोंडतो, माणूस उलटाही होतो. आणि झाडाला एक लाईफलाईन, म्हणजे जाड दोर, वर स्टँडच्याही वर खोडाला बांधलेला आणि खाली बुंध्यापर्यंत सोडलेला. त्या दोरावर प्रुसिक नावाची गाठ असते, तिला हार्नेस अडकवायचा. चढताना गाठ हातानं वर सरकवत न्यायची, उतरताना खाली.

ही गाठ तुम्ही घरात करून बघा ताई, त्यानं तुम्हाला झोप लागेल असं मला वाटतं. कपडे वाळत घालायची जाड दोरी घ्या, खिडकीच्या वरच्या गजाला बांधून उभी सोडा, खालचं टोकपण बांधा. परकराची नाडी घ्या, ती दोरीपेक्षा बारीक पाहिजे, तिची दोन टोकं गाठ मारून कडं करा. ते कडं दोरीच्या मागं धरा आणि त्याचं एक टोक दोरीभोवती फिरवून कड्याच्याच पोटातून काढा, असं तीनदा, वेढे एकाशेजारी एक नीट बसवा, एकावर एक चढू देऊ नका, मग ओढून आवळा. आता वेढे चिमटीत धरून वर सरकवा, सरकतात. सोडा आणि नाडीला खाली हिसका द्या. जागच्या जागी धरते की नाही? जेवढा हिसका मोठा तेवढी ती जास्त आवळते. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं १९३१ मधे ती लोकांपुढं आणली, आजपण डोंगर चढणारे तीच वापरतात. मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवा आणि त्याच्याकडनं करून घ्या, त्याला आली नाही तर त्यानं चढू नये. नाडी नुसती समजायला हं, तिथं मात्र हार्नेसबरोबर आलेला दोरच.

वर बसल्यावर हार्नेसची दोरी झाडाला डोक्याच्या उंचीला किंवा त्याच्यापण वर, बसलेलं असताना ढील नाही अशी. ढील जेवढी तेवढा हिसका. शिडी जाळीच्या वरपर्यंत गेलेली पाहिजे, म्हणजे जाळीवर पाय खाली टाकत उतरता येतं, लटकून वर चढावं लागत नाही. दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, तीन ठिकाणी कायम टेकलेलं.

हातात काही घेऊन चढायचं नाही, बंदूक तर नाहीच. गोळ्या काढून, चेंबर उघडून बघून, ती खाली ठेवायची आणि स्टँडवरनं सोडलेल्या दोरीला बांधायची, नळी जमिनीकडं पण मातीत बर्फात रुतणार नाही अशी. आपण वर पोचलो, बांधून घेतलं, मग ओढून घ्यायची, त्यानंतर भरायची. उतरताना उलटं. पाण्याची बाटली, बॅग, डबा, सगळं त्याच दोरीनं.

झाड जिवंत पाहिजे. हे तिकडं फार महत्त्वाचं आहे, कारण ॲश नावाची झाडं एका हिरव्या भुंग्यानं लाखोंनी मेलीत, २००२ ला तो मिशिगनमधे पहिल्यांदा सापडला अन् तिथनं पसरला. मेलेलं ॲश वरनं सरळसोट, छान दिसतं, आतनं ठिसूळ असतं, फांद्या अचानक येतात खाली. मित्राच्या वडिलांना विचारायला लाजू नको म्हणावं, काका हे झाड कुठलं, पट्ट्या कधी बदलल्या? पट्ट्या दरवर्षी उन्हाळ्यात बघायच्या, सीझनच्या पहाटे टॉर्चच्या उजेडात नाही. झाड जाड होतं तशी पट्टी ताणत जाते, तेपण एक कारण आहे. हार्नेसवर तारीख छापलेली असते, बरेचसे पाच वर्षांचे असतात, आणि एकदा कुणी त्यात पडून लटकला असेल तर तो हार्नेस फेकूनच द्यायचा, नवा दिसला तरी.

एवढं त्यानं मान्य केलं आणि करून दाखवलं तर मी त्याच्या आईच्या जागी असतो तर जाऊ दिला असता. नुसतं हो हो म्हणाला तर नाही. कुठल्या झाडावर बसणार आणि किती वाजता खाली येणार हे कुणाला तरी सांगून जायचं, फोन छातीच्या खिशात, बॅगेत नाही. थंडीची किंवा सर्दीची झोप आणणारी गोळी घेऊन वर बसायचं नाही. आणि तुम्ही त्याला फोन करू नका त्यावेळी, संध्याकाळी खाली आल्यावर त्यानं करायचा, एवढा शब्द घेऊन ठेवा.

प्रश्न : काका, मी इंजिनीअरिंगला आहे, ट्रेकिंग ग्रुपमधे रॉक क्लायंबिंग पण करते. हार्नेस असला की झालं सेफ, असं सगळे म्हणतात. पण मी वाचलं की हार्नेसमधे नुसतं लटकून राहिल्यानं पण माणूस दगावतो, हे खरं का?
— अश्विनी, होटगी रोड

उत्तर : खरं आहे बाळा, आणि हे तू विचारलंस ते बरं झालं, वरच्या पत्रातपण हे यायला पाहिजे होतं. न हलता उभं लटकलं की मांडीचे पट्टे आवळतात, पायाचे स्नायू चालत नाहीत म्हणून रक्त पायात साठायला लागतं, वर हृदयाला आणि मेंदूला कमी पडतं. आधी चक्कर, मळमळ, घाम, मग शुद्ध जाते. हा मिनिटांचा हिशोब आहे, तासांचा नाही. म्हणून पडल्यावर पहिलं काम म्हणजे परत स्टँडवर किंवा शिडीवर यायचं. ते जमत नसेल तर शिकारीच्या हार्नेसबरोबर एक जादा पट्टी येते, ती खाली सोडून त्यात पाय घालून उभं राहायचं, मांडीवरचा भार उतरतो. ती नसेल तर दोरीचं कडं करून घ्यायचं. तेपण नसेल तर खोडावर पाय रेटत राहायचं, पोटऱ्या आवळायच्या सोडायच्या, थांबायचं नाही. तुझ्या क्लायंबिंगच्या हार्नेसमधे तू बसल्यासारखी लटकतेस म्हणून त्रास उशिरा होतो, पण बेशुद्ध माणसाला तिथंपण तेच होतं.

आमच्याकडं कारखान्यात नियम होता, उंचावर माणूस चढवायच्या आधी त्याला खाली कसा आणणार ते कागदावर लिहा, मग परमिटवर सही. तुमच्या ग्रुपमधे हे कुणी लिहितं का? पुढच्या ट्रेकच्या आधी एकाला दहा फुटावर लटकवा, खाली गादी घाला, आणि त्यानं काही मदत न करता त्याला उतरवायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. खाली आणला की तो बरा दिसला तरी दवाखान्यात न्यायचाच.

प्रश्न : साहेब, आमचं रान नान्नजच्या अंगाला हाय. हरभऱ्यात रात्रीची कळवीटं उतरत्यात, वीस-वीसचा कळप, पंधरा दिसात हिरवं ठेवत न्हाईत. बांधावर मोठा लिंब हाय, त्येच्यावर मचाण बांधून राखण करावं म्हणतोय. पाव्हणं म्हणत्यात छर्ऱ्याची बंदूक ठेव, न्हाईतर तारंत करंट सोड. तुमी काय सांगताव?
— एक शेतकरी, ता. उत्तर सोलापूर

उत्तर : दादा, पाव्हण्यांचं दोन्हीतलं काहीच ऐकू नका, हात जोडून सांगतो. वरच्या पत्रातली शिकार अमेरिकेतली आहे, तिथं पांढऱ्या शेपटीची हरणं ठरलेल्या सीझनला लायसनवर मारायला परवानगी आहे. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि काळवीट तर पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतलं जनावर, त्याला मारलं तर कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात, वर दंड निदान २५ हजार. नुसता मारायचा प्रयत्न, फासा लावणं, हेपण शिकारीतच धरतात. आणि तुमचं रान माळढोक अभयारण्याला लागून, तिथं वनखात्याचं लक्ष असतं. तारेत लाईनचा करंट सोडणं तर जनावरापेक्षा आपल्याच माणसाच्या जीवावर येतं, पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारी त्यात जातो अन् गुन्हा तुमच्यावर पडतो. सौर झटका मशीन वेगळी, ती थोड्या थोड्या वेळानं झटका देते, मारत नाही, ती बसवा. कडेनं करडईच्या चार-सहा ओळी पेरा पुढच्या रब्बीला, आपली जुनी माणसं उगीच पेरत नव्हती, काट्याला जनावर बिचकतं. नुकसान झालं की लगेच वनखात्याकडं अर्ज, पंचनामा, भरपाईची सोय आहे, दिवस घालवू नका, खाल्लेल्या रानाचा फोटो मोबाईलवर सकाळीच काढून ठेवा.

मचाण बांधा, राखण जरूर करा. पण लिंबावर कशाला, ज्वारीत पाखरं राखायला आपण माळा घालतो तसा चार मेढींचा घाला, आठ फुटाच्या वर नको, तिथनंपण हरभरा पूर्ण दिसतो. मेढी दोन-अडीच फूट गाडा. चारी बाजूनी कमरेएवढा कठडा करा, ही गोष्ट कुणी करत नाही आणि रात्री झोपेत कूस बदलली की माणूस खाली. शिडी टेकवताना चार फूट उंचीला एक फूट बाहेर, म्हणजे आठ फुटाच्या माळ्याला शिडीचा पाय दोन फूट लांब, आणि वरचं टोक माळ्याला दाव्यानं आवळून टाका, शिडी माळ्याच्या वर तीन फूट निघाली पाहिजे म्हणजे उतरताना धरायला मिळतं. उतरायच्या आधी टॉर्च खाली मारा, जनावर, म्हणजे साप, असतंय शिडीच्या बुडाशी, आणि बूट घालूनच उतरा. लिंबावरच बसायचं ठरवलं असेल तर कासऱ्यानं कमरेला बांधून बसू नका, पूर्ण हार्नेस घ्या, त्यावर आयएस ३५२१ हा आपल्याकडच्या मानकाचा नंबर छापलेला असतो, एमआयडीसीच्या बाजूला सेफ्टीचं सामान मिळतं तिथं विचारा. एकट्यानं राखण नको, दोघं असा, एक वर एक खोपीत.

एक चूक सुधारून सांगतो, राग मानू नका, आपण सगळेच काळवीटाला हरीण म्हणतो पण ते कुरंग. हरणाची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, काळवीटाची जन्मभर तीच राहतात. नान्नजच्या माळावर संध्याकाळी कळप उधळला की नर जसा हवेत उसळतो तसं दुसरीकडं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं, आणि ते तुमच्या बांधावरनं दिसतं. हरभऱ्याचं नुकसान त्यानं भरून निघत नाही हे मला कळतं, म्हणून भरपाईचा अर्ज सोडू नका.

प्रश्न : बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजायला पहिल्यांदा जाणार आहे. सोबत काय घेऊ?
— राहुल, अक्कलकोट रोड

उत्तर : पाणी भरपूर, मे महिना आहे, संध्याकाळी सहालापण मचाण तापलेलं असतं. कडक भाकरी अन् शेंगाचटणी चालेल, वासाचं काही नको. मळकट रंगाचे कपडे, वास येणारं स्प्रे-बिप्रे नाही. मोबाईलचा आवाज आणि उजेड दोन्ही बंद. चढायच्या आधी वनरक्षकाला विचारा, हे मचाण कधी बांधलं, किती जण बसू शकतात, आणि तेवढेच बसा, फोटोसाठी पाचवा माणूस वर घेऊ नका. वर गेल्यावर प्रत्येक फळी आधी हातानं दाबून बघा, मग पाय टाका. बॅग दोरीनं ओढून घ्या. लघवीला रात्री एकट्यानं खाली उतरायचं नाही, सोबत्याला उठवा, त्यानं वरनं टॉर्च धरायची. सकाळी मोजणी संपली की सगळे एकदम घाईनं उतरतात, रात्रभर आखडलेले पाय असतात, तेव्हा आधी दोन मिनिटं वरच बसून पाय चोळा, मग शिडीकडं तोंड करून एकेकानं उतरा.